चर्च, समाज आणि राजकारण : नागपुरातून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात विचारले जातात. निवडणूक जवळ आली की ते वाढतात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आणि नाताळ दोन्ही एकदमच शहरात येतात, तेव्हा तर विचारूच नका. काही प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांचे आहेत, तेही इथे घेतले आहेत. कायद्याबद्दल लिहिलेलं समजून घेण्यापुरतं आहे. स्वतःचं प्रकरण असेल तर वकिलाला गाठा.

१. चर्चने राजकारणात पडावं की नाही? एका वाक्यात सांगा.

पक्षांच्या भांडणात पडू नये, लोकांच्या प्रश्नांत पडावं. वस्तीत नळाला पाणी नाही, शेतकऱ्याच्या विधवेला मदत मिळत नाही, सफाई कामगार गटारात उतरून मरतो, यावर बोलणं कुणाला राजकारण वाटत असेल तर वाटू द्या. मत कुणाला द्यायचं हे सांगणं मात्र चर्चचं काम नाही (प्रश्न ७ पाहा).

२. बायबल तर सांगतं की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. मग सरकारला प्रश्न विचारणं अवज्ञा नाही का?

रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय पुढे करणारे बहुधा तिथेच थांबतात. ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला फटके मारायला बांधलं, तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि चौकशीशिवाय फटके मारणं कायदेशीर आहे का, असं शताधिपतीला विचारलं. पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. म्हणजे अधीन राहण्यात हक्क मागणं येतंच. येशूचा शिष्य पेत्र तर न्यायसभेपुढे स्पष्ट म्हणाला की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याने गरिबांना तुडवणाऱ्यांचे सण आणि गाणी देवाला नकोशी झाल्याचं सांगितलं, ते ऐकणारे लोक नियमित उपासना करणारेच होते.

हा १३ वा अध्याय इतिहासात वाईट कामालाही वापरला गेला आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारच्या समर्थनार्थ तो वाचला जाई, आणि १९८५ च्या कैरोस निवेदनात तिथल्याच ख्रिस्ती लोकांनी त्याला उत्तर दिलं.

३. नागपुरात इतकी चर्चेस आहेत. सगळ्यांच्या वतीने बोलतं कोण?

कुणीच नाही, आणि पत्रकारांना हे सांगून सांगून आम्ही दमलो. कॅथलिकांचा आर्चबिशप वेगळा, त्यांचं कॅथेड्रल सदरला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, वेगळं, त्यांचं ऑल सेंट्स कॅथेड्रल सिव्हिल लाइन्सला. सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय तयार झालं तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० ला. याशिवाय पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या (एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती समूह) आहेत, त्या कुणाच्याच छत्राखाली नाहीत.

भारतीय राष्ट्रीय चर्च परिषदेचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या परिषदेत प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेस आहेत, कॅथलिक नाहीत. त्यामुळे 'ख्रिस्ती समाजाचा पाठिंबा' अशी बातमी छापून आली की आधी विचारा, कोणत्या चर्चचा, आणि ठराव कुठे झाला?

४. शाळा आणि दवाखाने सोडून इथल्या चर्चने समाजासाठी काय केलं?

शाळा-दवाखाने इतक्या सहज सोडू नका. स्कॉटलंडहून आलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात पोहोचले आणि त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. म्यूर मेमोरियल हॉस्पिटल १८९६ चं, स्त्रियांना पुरुष डॉक्टरसमोर आणत नसत त्या काळातलं. बाईला दवाखान्यात नेणं हीच तेव्हा सामाजिक सुधारणा होती.

त्यापलीकडचं म्हणाल, तर हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी आणि कथा टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांची टिपणं १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली व विधवांना घेऊन केडगावला गेल्या. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. गांधींच्या खेड्याला अर्थशास्त्राची बैठक देणारा हा माणूस इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर राहत होता, पण आमच्या शब्बाथशाळेतल्या मुलांना त्याचं नाव माहीत नसतं.

५. ब्रिटिशांच्या काळात चर्च सरकारच्याच बाजूने होतं ना?

मोठ्या प्रमाणात, हो. नागपूरचंच उदाहरण घ्या. व्हेरिअर एल्विन हे अँग्लिकन धर्मगुरू सोलापूरकडचे शामराव हिवाळे यांच्यासोबत गोंडांमध्ये काम करायला निघाले. एल्विन काँग्रेसच्या जवळचे होते. तेव्हाचे नागपूरचे बिशप अलेक्स वूड यांनी सम्राटाशी निष्ठेची शपथ घ्या, असं सांगितलं. एल्विन यांनी ती घेतली नाही आणि बिशपनी त्यांना धर्मगुरू म्हणून काम करायचा परवाना दिला नाही. काही वर्षांनी एल्विन यांनी चर्चच सोडलं.

पण त्याच चर्चमधून कुमारप्पाही आले. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हेही ख्रिस्तीच. अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने ते ठाम उभे राहिले. 'चर्च इंग्रजांचं होतं' आणि 'चर्च स्वातंत्र्यलढ्यात होतं' या दोन्ही वाक्यांना पुरावा सापडतो, पण पहिल्याला जास्त सापडतो.

६. तुमची समाजसेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष, असं लोक म्हणतात. काय उत्तर द्यायचं?

'आधी रविवारी चर्चला या, मग रेशन देतो' असं कुणी म्हणत असेल तर ते आमिषच, आणि ते बंद करायला हवं, कायद्याआधी आपण. दवाखान्यात रुग्णाचा धर्म न विचारता उपचार होत असतील, तर शेजाऱ्याला आत बोलवा आणि दाखवा. वाद घालून हा संशय जात नाही.

या आरोपाला नागपुरात मोठा इतिहास आहे. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ मध्ये, सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. मुख्य हेतू धर्मांतर असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, अशी शिफारस त्यात होती. चर्चेस संतापली. पण त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला हेच नियोगी बाबासाहेबांसोबत बौद्ध झाले. धर्म बदलण्याचा हक्क आणि आमिष यांत फरक आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत असावं.

पुढे मध्य प्रदेशने १९६८ मध्ये कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, स्टॅनिस्लॉस खटल्यात, तो वैध ठरवला. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा त्या निकालाचा सारांश. निकाल अनेकांना पटलेला नाही, मलाही पूर्ण पटत नाही, पण आज कायदा तो आहे.

७. पाळकसाहेब उपदेशात मत कुणाला द्यायचं ते सांगू शकतात का?

नाही. तीन अडचणी आहेत.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३ : धर्माच्या नावाने मत मागणं भ्रष्ट आचार ठरतो. अभिराम सिंह खटल्यात २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, मतदाराचा धर्मही त्यात येतो असं ठरवलं. वाद मुळात १९९० च्या मुंबईतल्या एका विधानसभा निवडणुकीचा होता. उमेदवाराच्या संमतीने हे झालं असेल तर निवडून आलेला माणूसही पद गमावू शकतो. 'अमक्याला मत दिलंत तर देवाचा कोप होईल' हे याच कलमात गैरवाजवी प्रभाव म्हणून वेगळं लिहिलेलं आहे.

आदर्श आचारसंहिता : देवळं, मशिदी आणि चर्चेस प्रचाराची जागा नाहीत.

धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८ : बहुतेक मंडळ्यांना हा माहीतच नसतो. संस्थेची जागा राजकीय कामाला वापरू दिली तर व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

मतदान करा, पैसे घेऊन मत विकू नका, उमेदवाराचं काम पाहा, हे जरूर सांगावं.

८. मग फादर किंवा पाळक स्वतः निवडणूक लढवू शकतात का?

देशाचा कायदा अडवत नाही. कॅथलिक धर्मगुरूंना त्यांचा चर्चकायदा अडवतो : १९८३ च्या संहितेतलं कलम २८५ शासकीय सत्ता हातात येईल असं पद घ्यायला मनाई करतं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नियम संस्थेगणिक बदलतात. माझ्या मते उभं राहायचं असेल तर आधी पुलपिट, म्हणजे उपदेशाची जागा, सोडावं.

९. नाताळच्या कार्यक्रमाला नगरसेवक येतातच. त्यांना स्टेजवर बसवायचं की नाही?

१९८८ च्या त्या कायद्यातच (प्रश्न ७) संस्थेचे सण, समारंभ आणि मिरवणुका राजकीय कामासाठी वापरू देऊ नयेत असं म्हटलं आहे. पाहुणा म्हणून येऊन शुभेच्छा दिल्या आणि केक कापला तर ते राजकीय काम नव्हे. त्यांनी माईक घेऊन पक्षाचं काम सांगायला सुरुवात केली तर ते आहे. म्हणून माईक देण्याआधी ठरवून घ्या, दोन मिनिटं आणि फक्त शुभेच्छा. आचारसंहिता लागू असेल तर बोलावूच नका. आणि एका पक्षाला बोलावलंत तर दुसऱ्यालाही बोलवा. गेटवर फ्लेक्स लावायला परवानगी मागतात, ती देऊ नका. एकदा दिली की दरवर्षी द्यावी लागते.

१०. अधिवेशनाच्या काळात मंडळीच्या नावाने मोर्चा काढता येईल का?

यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्च्यांत जायला ख्रिस्ती नागरिकाला कुणी अडवू शकत नाही. पोलिसांची परवानगी आणि ठरवलेला मार्ग सगळ्यांना लागू असतो, तो तुम्हालाही लागू.

गुंता मंडळीच्या नावाचा आहे. १९८८ च्या कायद्यातली राजकीय कामाची व्याख्या मोठी आहे. पक्षाच्या प्रचारासोबत 'राजकीय स्वरूपाचा प्रश्न' घेऊन केलेल्या सभा, निदर्शनं आणि मिरवणुकाही तिच्यात येतात. तेव्हा बैठका चर्चच्या हॉलमध्ये आणि बॅनरवर चर्चचं नाव, असं करण्याऐवजी नागरिकांचा मंच करा, त्याच्या नावाने परवानगी काढा आणि बाहेरचा हॉल घ्या. इतर धर्मांचे लोकही मग सहज येतात. पाण्याचा प्रश्न असेल तर ते यायलाच हवेत.

११. परदेशी देणगीतून असं आंदोलन चालवता येतं का?

तसा विचारही करू नका. परदेशी देणगी कायदा, २०१० नुसार राजकीय स्वरूपाच्या संघटनेला असा पैसा घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोर्च्याचं पाणी आणि माईक वर्गणीतून करा.

१२. शेजारच्या बौद्ध मुलाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. आमची मूळ जात तीच, मग आम्हाला का नाही?

कारण १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. इंग्रजांचा १९३६ चा आदेशही भारतीय ख्रिश्चनांना वगळतच होता, त्यामुळे हा अन्याय स्वातंत्र्यानंतर नव्याने सुरू झाला असं म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या सूसाई खटल्यात म्हटलं की धर्म बदलल्यावरही तोच छळ तितकाच टिकतो याचा पुरावा हवा. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये दर्जाची धर्माशी असलेली गाठ सोडा, अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. चर्च परिषद आणि कॅथलिक बिशप दरवर्षी १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून आलेले ख्रिस्ती इतर मागासवर्गात मोडतात. तो दाखला तरी काढा, अनेक घरांनी काढलेला नसतो. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, त्यामुळे गोंड ख्रिश्चनाचा दर्जा जात नाही.

१३. आम्ही कागदोपत्री हिंदू आहोत, मुलाला शिष्यवृत्ती मिळते, पण दर रविवारी चर्चला जातो. हे पाप की गुन्हा?

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण सगळ्यात जास्त येतो तो हाच.

नुसतं चर्चला जाण्याने धर्म बदलत नाही. बाप्तिस्मा आणि त्यानंतरचं वागणं न्यायालय पाहतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या सेल्वाराणी यांच्या खटल्यात असंच झालं : लहानपणी बाप्तिस्मा, नियमित चर्च, आणि नोकरीसाठी अनुसूचित जातीच्या दाखल्याची मागणी. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, आणि फक्त आरक्षणासाठी धर्म सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे असे कडक शब्द वापरले. खरोखर मूळ धर्मात परतलेल्यासाठी वाट आहे. २०१५ च्या के. पी. मनु निकालाप्रमाणे मूळ जात, परतणं आणि त्या जातीने स्वीकारणं, तिन्ही सिद्ध करावी लागतात.

म्हणजे दाखला आणि बाप्तिस्म्याची नोंद दोन्ही असतील तर धोका आहे, आणि तो मुलाच्या नोकरीवर वीस वर्षांनीही येऊ शकतो. पाळकांकडे जुन्या नोंदी बदलून मागू नका. रजिस्टरमध्ये खाडाखोड करणारा पाळक स्वतःही अडकतो.

पापाचं विचाराल, तर ज्यांचे आजोबा मिशनच्या नोकरीत होते आणि ज्यांची घरं आज सिव्हिल लाइन्सला आहेत, त्यांनी वस्तीतल्या बाईला यावर प्रवचन देऊ नये. तिला हा पेच १९५० च्या आदेशाने घातला आहे. काही घरं बाप्तिस्माच लांबवतात. त्यांना प्रभुभोजनाला (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) बसवायचं की नाही, हे प्रत्येक मंडळीने प्रेमाने आणि उघडपणे ठरवावं, कुजबुज करून नव्हे.

१४. चर्चमध्ये तरी जात नाही ना?

आहे. लग्न जमवताना दिसते, पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीत दिसते, कब्रस्तानावरूनही कधीकधी दिसते. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात बाबासाहेब ख्रिस्ती लोकांपुढे बोलले, तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं की तुमचा समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही कधी लढला नाहीत. दीक्षाभूमीच्या शहरात राहून हे ऐकायला अवघड जातं. प्रश्न १२ मधली मागणी दिल्लीत करताना समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि मग उत्तर देता येत नाही.

१५. मिशनच्या शाळा गरिबांसाठी होत्या ना? आता फी का परवडत नाही?

अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांची सक्ती नाही, हे २०१४ च्या प्रमती निकालाने ठरलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने त्यावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं. सूट कायद्याने दिलेली आहे, ती वापरलीच पाहिजे असं कुठे आहे? आमच्या काही शाळा स्वतःहून गरीब मुलं घेतात. ज्या घेत नाहीत, त्यांच्या प्राचार्यांना पालकसभेत हे विचारा.

१६. स्त्रियांच्या प्रश्नावर चर्च मागेच का असतं?

नेहमीच नसतं. ख्रिस्ती नवऱ्याला व्यभिचार एवढ्यावर घटस्फोट मिळे, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणंही सिद्ध करावं लागे. हा १८६९ चा कायदा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये त्यातला भेदभाव रद्द केला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला. त्या बदलासाठी चर्चमधल्या बायका वर्षानुवर्षं झटल्या. सीएनआयमध्ये स्त्रिया पाळक होतात. कॅथलिकांमध्ये होत नाहीत. घरातल्या मारझोडीबद्दल मात्र दोन्हीकडे अजून 'सोसून घे, प्रार्थना कर' हाच सल्ला जास्त ऐकू येतो. तो देणाऱ्याला पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवा.

१७. चर्चच्या जमिनी विकल्या जातात, त्यावर कुणी बोलत का नाही?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय अशी जमीन विकता येत नाही. हितसंबंध असलेला सभासद तिथे हरकत घेऊ शकतो. बाहेरच्या भ्रष्टाचारावर निवेदन काढण्याआधी आपल्या ट्रस्टचे हिशेब मागा.

१८. आपण एक टक्कासुद्धा नाही. गप्प राहणंच शहाणपणाचं नाही का?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे खरंच एक टक्क्याहून कमी. भीतीही खोटी नाही. झारखंडात आदिवासींसाठी काम करणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० ला भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. खटला उभा राहण्याआधीच ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी, मुंबईच्या रुग्णालयात ते कोठडीतच वारले.

दुसरीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईतल्या जमिनी आणि पाणी वाचवायला उभे राहिले, तेव्हा मागे हिंदू शेतकरीही होते. २०२० मध्ये ते धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. ख्रिश्चनांच्या तक्रारी घेऊन गेलात तर एक टक्काच उरता. सगळ्यांचा प्रश्न घ्या आणि सगळ्यांच्या भाषेत बोला, मग हा आकडा आड येत नाही.

१९. पाळकसाहेबांचं बोलणं मला एका बाजूचं वाटलं. आता चर्च बदलू का?

आधी त्यांना घरी गाठून विचारा की हे चर्चच्या ठरावातलं होतं की त्यांचं स्वतःचं. बहुधा स्वतःचंच निघतं. पटलं नाही तर कमिटीला लेखी द्या. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथे गेलेला वाद मिटत नाही. पक्षाचं नाव घेतलं असेल तर प्रश्न ७ लागू होतो आणि तक्रार करायला हरकत नाही.

२०. आमच्या मिशन शाळेत मतदान केंद्र असतं. मग आवार राजकारणापासून दूर कसं राहिलं?

मतदान हे पक्षाचं काम नव्हे, आणि इमारत मागून घेण्याचा अधिकार सरकारला कायद्याने आहे. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते, तेव्हा उमेदवारांचे टेबल गेटजवळ लावू देऊ नका. शाळा आणि चर्चचं गेट एकच असेल आणि त्या दिवशी मिस्सा किंवा उपासना असेल, तर वेळ आणि येण्याजाण्याचा रस्ता निवडणूक अधिकाऱ्याशी आधीच ठरवून घ्या.